पड जमिनीची साक्ष

शुक्रवारी सकाळी किसणघरात आठ बाया कसाव्याचे कंद किसत बसल्या होत्या, तेव्हा सेफेरिनाच्या कमरेला खोचलेला मोबाइल दोनदा थरथरला. तिनं ढुंकून पाहिलं नाही. फळीत ठोकलेल्या दगडाच्या कपच्यांवरून नजर हलली की बोटांची सालं निघतात, हे ती आठव्या वर्षी शिकली होती आणि साठी उलटली तरी तिच्या दहाही बोटांना ते पाठ होतं.

आढ्याला रुगुमा लटकत होता. पुरुषभर लांबीचा वेताचा विणलेला नळा, अजगरानं बकरू गिळावं तसा ओल्या किसानं टम्म फुगलेला. त्याच्या खालच्या टोकाला अडकवलेल्या दांड्यावर ओलाया आपलं सगळं वजन टाकून बसली होती आणि नळ्यातून पांढरट पाणी थेंबाथेंबानं घमेल्यात उतरत होतं. त्या पाण्यानं कोंबडी मरते, डुक्कर मरतं. ते निथळून गेल्याशिवाय किसाची भाकर तव्यावर पडत नाही.

"माझ्या म्हाताऱ्याला मी ह्ये दोनदा पाजायचं ठरवलं हुतं," ओलाया दांड्यावर झोके घेत म्हणाली. "पर त्याच्या पोटात आधीच येवढी रम असायची, म्हटलं विषालाच चढायची."

बाया हसल्या. मोबाइल तिसऱ्यांदा थरथरला.

"मावशे, बघ तरी," पलीकडची तरणी क्रिसेल्दा म्हणाली. "वकीलबाईचा असंल."

असू शकला असता. मंगळवारी जिल्ह्याच्या कोर्टाचा अधिकारी तळ्यापलीकडची जमीन बघायला येणार होता आणि त्याला हद्द दाखवायची होती सेफेरिनानं. तिनं हात झग्याला पुसले, मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला. अनोळखी नंबर होता. आवाजी निरोप होता. बटण दाबून तिनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण हळू कसा लावायचा ते तिला येत नव्हतं.

"सेफेरिना." पुरुषाचा आवाज, तोंडावर फडकं धरून बोलावं तसा. बोली मात्र त्यांचीच, घरातली. "मंगळवारी तळ्यापलीकडं जाऊ नगं. गेलीस तर परत यायची न्हाईस. मी सांगते. नीट ऐकून ठेव, मी सांगते."

किसण्या थांबल्या. घमेल्यात थेंब पडत राहिले.

क्रिसेल्दाला भीतीनं की कशानं, हसू फुटलं. "बाप्या हाय का बाई? मी सांगते म्हणतोय मेला."

त्यांच्या बोलीत बायकांचं 'मी' वेगळं आणि पुरुषांचं वेगळं. बाई 'नुगुया' म्हणते, बाप्या 'आउ'. पोरगं पाच-सहा वर्षांचं होईतो आईच्या मागं नुगुया-नुगुया करत फिरतं. मग बापाबरोबर, मामाबरोबर होडीत बसायला लागलं की त्याची जीभ आपोआप वळते. वळवावी लागत नाही. सगळ्या आल्मेंद्रो गावात जीभ न वळलेला पुरुष एकच निपजला होता.

"परत लाव," ओलाया म्हणाली.

दुसऱ्यांदा ऐकताना कुणी हसलं नाही. बायांनी एकदा सेफेरिनाकडं पाहिलं आणि मग सगळ्या आपापल्या किसणीत बघू लागल्या. लेकाची चोरी उघडी पडल्यावर शेजारणी बघतात तसं.

आवाज सेल्विनचा होता, पण तो तिचा लेक नव्हता. धाकट्या बहिणीचा, मार्सेलिनाचा. तो दोन वर्षांचा असताना मार्सेलिना न्यूयॉर्कला दुसऱ्यांची घरं पुसायला गेली. आधी वर्षाला एक खोकं यायचं, कपड्यांचं आणि साबणाचं; मग तेही यायचं थांबलं. सेफेरिनाचा नवरा जहाजावर गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळं घरात सेफेरिना, तिची म्हातारी आई आणि दिवसभर ह्यांच्याच चुलीशी बसणारी शेजारीण ओलाया. तीन बायांच्या मध्ये ते पोर वाढलं. सात वर्षांचा असताना पहिल्यांदा किनाऱ्यावर गेला आणि होडी लोटणाऱ्या पुरुषांना म्हणाला, "मी पण येते." किनारा हसून हसून लोळला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं सेल्विनाबाय. जाळं विणणारे म्हातारे त्याला हाक मारायचे, "सेल्विनाबाय, भात शिजला का गं?"

पोरानं काही केलं नाही. फक्त बोली टाकून दिली. दहाव्या वर्षापासून घरात, दारात, चर्चमध्ये शाळेतलं, सरकारातलं स्पॅनिशच बोलायला लागला. सेफेरिना आपल्या बोलीत विचारायची आणि तो सरकारी माणसासारखं स्पॅनिशमधून उत्तर द्यायचा. सोळाव्या वर्षी शहरात पळाला. तिशीला परत आला तो पामतेलाच्या कंपनीचा चौकीदार होऊन. पायात गुडघ्यापर्यंत बूट, खांद्याला बंदूक. गावात तो राहायला आला नाही, फाटकाजवळच्या खोलीत राहिला. सणाला सेफेरिना त्याचं ताट पाठवायची. ताट रिकामं होऊन परत यायचं, निरोप कधीच यायचा नाही.

आणि कंपनी म्हणजे तळ्यापलीकडची.

आल्मेंद्रोची जमीन सगळ्या गावाची मिळून एक. एकच जुना कागद, त्यावर कुणाएकाचं नाव नाही, विकायची म्हटली तरी कुणाला विकता येत नाही. पण शेत चालतं बायांच्या हातानं. आईच्या मागून लेक, लेकीच्या मागून नात. जिथं जिचा कसावा उभा, तिथं ती. तीन-चार वर्षं पीक काढायचं, मग तेवढीच वर्षं जमीन पड ठेवायची. झाडोरा माजू द्यायचा, मातीला निजू द्यायचं. सेफेरिना नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्या आजीनं तिचा हात धरून तिला सगळी हद्द चालवली होती. नीरफणसाच्या झाडापासून काळ्या खडकापर्यंत आणि खडकापासून ओहोळाच्या तोंडापर्यंत. पुढं कंपनीनं चर खणला आणि ओहोळाचं तोंडच हललं. आता जुनं तोंड कुठं होतं हे जाणणारी माणसं गावात दोनच. त्यातल्या ओलायाला तीन हातांपलीकडं दिसत नाही.

पाम एकदम आला नाही. "त्यो चालत येतो," ओलाया म्हणायची. "दर साली चार पावलं. आपुन निजल्यावर."

दोन वर्षांपूर्वी पहिली सुनावणी झाली तेव्हा साक्षीला सेफेरिनाच उभी राहिली होती. बाजारात भाकरी विकून विकून तिला स्पॅनिश येत होतं, निदान तिला तसं वाटत होतं. झाडोऱ्याच्या भागाबद्दल साहेबानं विचारलं. पड ठेवलीय, हे सांगायला तिला बाजारातल्या भाषेत शब्द सापडेना. ती म्हणाली, आम्ही ती जमीन ठेवून दिली. कारकुनानं लिहिलं, आम्ही ती जमीन सोडून दिली. खाली तिनं अंगठा दिला. महिन्याभरात कंपनीच्या हातात कागद आला, सोडून दिलेली जमीन, रिकामी, तात्पुरता ताबा द्यावा.

ह्या एका शब्दावरून तिला कुणी काही बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं. त्यानंतर बायांनी वरच्या कोर्टात दाद मागितली आणि निकाल होईतो तळ्यापलीकडं रोज होडीनं जाऊन कसावा लावला. उभा कसावा हाच पुरावा. मंगळवारी साहेब बघायला येणार होता तो हाच.

शनिवारी दुपारी सेफेरिनानं हुदुतू केला. कच्ची केळी उकडून लाकडी उखळात कुटली, नारळाच्या दुधात मासा शिजवला, झाकणाच्या भांड्यात भरला आणि ती एकटीच फाटकाकडं निघाली.

तळ्याला वळसा घालून पामखालून जायला अर्धा तास लागतो. त्या रानात दुपारीही उजेड हिरवट आणि बुळबुळीत असतो. खाली गवत नाही, वर पाखरू नाही. सारख्या अंतरावर सारखी झाडं, कुठंही उभं राहिलं तरी चारी बाजूंना सारख्याच गल्ल्या. आपल्या पावलांशिवाय आवाज येत नाही आणि मग आपली पावलं दुसऱ्याची वाटायला लागतात. ती दोनदा थांबली. मागं कुणी नव्हतं.

सेल्विन फाटकाच्या आत उभा होता. चौतीस वर्षांचा, आईसारखाच रुंद कपाळाचा. तिला पाहून त्याचा हात बंदुकीच्या पट्ट्याकडं गेला आणि मग काय करावं न कळून तिथंच राहिला.

"आपलं काय काम आहे?" त्यानं स्पॅनिशमधून विचारलं.

"जेवान आणलंय."

"बाहेरच्या व्यक्तींना इथे परवानगी नाही."

"मी कुठं आत येतीया? तू भाईर ये."

तो आला नाही. तिनं भांडं जमिनीवर ठेवलं, फाटकाच्या गजाला धरलं आणि आवाज खाली आणला. "आवाज तुझा हुता."

"आपला काहीतरी गैरसमज झालेला आहे."

"आठ बायांचा येकदम गैरसमज झाला? मुडद्या, तोंडाला फडकं बांधलंस, जिभेला बांधायचं ऱ्हायलं."

सेल्विननं मागं पाहिलं. पत्र्याच्या छपराखाली नंबर नसलेली पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या सावलीत चौघे जण बसले होते. पत्ते नाहीत, बाटली नाही, बोलणं नाही. रिकामटेकडी माणसं असं बसत नाहीत. एक जण चाकूनं नखं कोरत होता. त्यानं मान वर करून फाटकाकडं पाहिलं आणि परत नखाकडं.

सेल्विन बोलला तेव्हा चोवीस वर्षांनी सेफेरिनाला त्याच्या तोंडून आपली बोली ऐकू आली. तीच, चुलीजवळची.

"तुला वाटतंय मी मुद्दाम तसं बोलले? मला दुसरं येतंय कुठं?"

ती म्हणाली, "कुणी बोलाय लावलं?"

"लावलं. म्हणले तुमच्या भाषेत बोल, म्हंजे म्हातारीला कळंल की गावातलं माणूस कंपनीकडं हाय. नुस्ती भीती घाल म्हणले. मंगळवार त्यांनी सांगितला नव्हता. मंगळवार मी माझ्या मनानं घातला."

"ह्ये चौघं कोण?"

"मला ठावं न्हाई. बुधवारी आले. नाव सांगत न्हाईत, माझ्यासंगट जेवत न्हाईत. गावात कोण बाई कुठं ऱ्हाती ते इचारत हुते. मी म्हटलं, मला गाव सोडून लई वर्सं झाली, मला काय ठावं." त्यानं ओठ चाटले. "जाऊ नगं गं."

"हद्द कोण दाखवंल मग? ओलाया? तिला तिचं ताट दिसत न्हाई."

"कोण आहे रे तिकडे?" छपराखालून हाक आली.

"भाकरी विकणारी म्हातारी आहे," सेल्विन स्पॅनिशमधून मोठ्यानं म्हणाला. मग तिच्याकडं न पाहता तितक्याच मोठ्यानं, "चला, निघा इथून. पुन्हा येऊ नका."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत तिला आपल्या पाठीवर पाच जणांची नजर कळत होती. त्यातली सेल्विनची कुठली ते मात्र ओळखता येईना.

रविवारी वकीलबाईचा फोन आला. तिच्या कानावर निरोपाचं गेलं होतं. वकीलबाई शहरातली, बोली न कळणारी, पण कामाला चोख. म्हणाली, "तो निरोप मला पाठवा. मी उद्या सकाळी तक्रार दाखल करते, संरक्षण मागते. आवाज कोणाचा आहे ते कळलं तर फारच चांगलं."

किसणघरात बाया बसल्या होत्या. सेफेरिना बाजारातल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आवाज ओळखू आला नाही."

तिकडून फोन ठेवल्यावर ओलाया पहिल्यांदा बोलली. "का गं? माझ्या मांडीवर हगला-मुतला त्यो. मला न्हाई व्हय त्याचा आवाज वळखू येत?"

"निरोप कोर्टात गेला की त्यांच्या वकिलाला मिळणार. त्यात मंगळवार हाय. त्यांनी सांगितला नव्हता त्यो. मग त्याचं काय करतील?"

"आन आपलं काय करतील?"

सेफेरिना क्रिसेल्दाच्या हातात मोबाइल देऊन म्हणाली, "ह्यातनं पुसून टाक. मला येत न्हाई." क्रिसेल्दानं ओलायाकडं पाहिलं, बाकीच्यांकडं पाहिलं आणि पुसून टाकला.

"जमीन येकदा जिभेनं घालवलीस," ओलाया म्हणाली. "आता मायेनं घालव."

दोन वर्षं कुणी न उच्चारलेली गोष्ट अशी उच्चारली गेली. सेफेरिनानं किसणी उचलली आणि उरलेला कसावा एकटीनं किसला.

सोमवारी सकाळी बाया होडीनं पलीकडं गेल्या तेव्हा पाण्याकडच्या कडेचा कसावा उपटलेला होता. सगळा नव्हे. आठच झाडं. उपटून फेकलेली नव्हती, मुळांसकट धुऊन, पुसून, बांधावर एकाला लागून एक ओळीनं निजवून ठेवली होती. मुंडकी एका बाजूला, पाय एका बाजूला.

बायांनी मोजली आणि मग कुणी कुणाला आकडा सांगितला नाही.

"दांड्या तोडा," सेफेरिना म्हणाली. "वीतवीतभर करा. परत लावा." कसाव्याचं बरं असतं, त्याला मूळ लागत नाही. दांडकं मातीत तिरकं खोचलं की तो उगवतो. दुपारपर्यंत आठांची चाळीस झाली. पण खोचताना प्रत्येक बाई आपल्या मागं बघत होती.

त्याच दिवशी गावातून दोघे जण मोटरसायकलवरून दोनदा फिरून गेले. हळू, चालत गेल्यासारखे. दुकानदारणीला विचारत होते, भाकरी विकणारी म्हातारी कुठं राहते.

"इथं सगळ्याच बाया भाकरी करतात," ती म्हणाली, "आणि सगळ्याच म्हाताऱ्या होतात. कितवी पाहिजे?"

ते हसले नाहीत. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि गेले.

मंगळवारी नऊला कोर्टाचा साहेब आला. पातळ केसांचा, सावध, चिखलाला वैतागलेला माणूस. बरोबर कारकून. वकीलबाई आली. कंपनीचा वकील आला, पांढऱ्या सदऱ्यातला, आणि त्याच्या मागं दहा पावलांवर ते चौघे. सेल्विन त्यांच्या कडेला उभा होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

दुभाषी आला नाही.

ह्या खेपेला साक्ष बोलीतच द्यायची असं वकीलबाईनं अर्ज करून मिळवलं होतं. शहरातून एक मास्तर यायचा होता. त्याचा मोबाइल बंद. बसमधून उतरला नाही. वकीलबाईनं सहा वेळा लावून पाहिला.

"मग पुढची तारीख घ्यावी लागेल," साहेब म्हणाला. "तीन महिन्यांनंतरची."

तीन महिने. बायांनी कसाव्याकडं पाहिलं.

"साहेब, तारीख कशाला?" कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला. "आमचा चौकीदार ह्याच गावचा आहे. दोन्ही भाषा येतात त्याला. अर्थात, बाईंची हरकत नसेल तर."

"हरकत आहे," वकीलबाई म्हणाली. "हा विरुद्ध पक्षाचा नोकर आहे."

"चालंल मला," सेफेरिना म्हणाली.

वकीलबाईला बोली कळत नव्हती, पण मान हललेली कळली. ओलायानं मागून सेफेरिनाच्या दंडाला चिमटा काढला. "बये, डोस्कं फिरलं का तुझं? त्यो त्यांची भाकर खातोय."

"माझी पण खाल्लीय."

साक्षीदाराचीच हरकत नाही म्हटल्यावर साहेबानं सेल्विनला पुढं बोलावलं. खरं सांगीन म्हणून शपथ घ्यायला लावली. शपथ घेताना तो साहेबाकडं बघत नव्हता, कंपनीच्या वकिलाकडंही नाही. आपल्या बुटांकडं बघत होता.

मग सगळे हद्द चालले. पुढं सेफेरिना, तिच्या डाव्या हाताला सेल्विन, मागं साहेब आणि कारकून, त्यांच्या मागं बाकीचे. चौघे पामच्या कडेकडेनं, सावलीतून, बरोबरीनं चालत होते. नीरफणसाशी ती थांबली, बोलली. सेल्विननं स्पॅनिश केलं. काळ्या खडकाशी थांबली. तो कधी अडला की तिला खालच्या आवाजात विचारायचा, "ह्ये मी कसं सांगू? मला कळलं न्हाई, मी परत इचारते." गावातले पाच-सहा पुरुष बरोबर चालत होते, त्यांतले दोघे त्याच्याच वयाचे, त्याला सेल्विनाबाय म्हणून चिडवणारे. त्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही.

ओहोळाच्या जुन्या तोंडाशी ती पोहोचली तेव्हा तिथं ओहोळ नव्हता, नुसता खळगा होता. तिनं काठीनं वरची माती उकरली. खाली गोट्या लागल्या, पाण्यानं घासलेल्या, गुळगुळीत. साहेबानं वाकून एक उचलली आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं. कारकुनानं लिहिलं.

परत येताना झाडोरा लागला.

"इथे तर काहीच लावलेलं नाही," साहेब म्हणाला.

सेफेरिना थांबली. "ही पड हाय," ती म्हणाली. "चार वर्सं पिकली, आता निजलीया. माझ्या आजीनं हिला दोनदा निजवली, मी तीनदा. पुढच्या साली उठवायची."

सेल्विननं आधी झाडोऱ्याकडं पाहिलं, मग साहेबाकडं.

"सोडून दिलेली, असंच म्हणाल्या ना त्या?" कंपनीचा वकील म्हणाला.

"नाही," सेल्विन म्हणाला. "विसाव्याला ठेवलेली."

"म्हणजे वापरात नसलेली."

"वापरातली. विसावा हा वापरच आहे. ती सोडलेली नाही, झोपवलेली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा लागवड आहे." त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. कारकुनाची लेखणी अडलेली पाहून त्यानं ते तिसऱ्यांदा सांगितलं, शब्द सुटे सुटे करून, शाळेत शुद्धलेखन घालावं तसं.

कारकुनानं तसंच लिहिलं. वकीलबाईनं वाकून वाचलं आणि डोळे मिटले. मागं ओलाया नुसतं "हं" म्हणाली. पामच्या सावलीतला नखं कोरणारा सेल्विनकडं बघत होता. रागानं नव्हे. कोंबडी कुठून धरावी ते बघावं तसं.

आता एवढंच उरलं होतं की खाली नाव-गाव लिहायचं आणि अंगठा घ्यायचा.

"पूर्ण नाव?"

"सेफेरिना बातीस नोरालेस," सेल्विननं न विचारताच सांगितलं.

"राहणार?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "सांग की. तुला ठावं न्हाई व्हय?"

चौघे पुढं सरकले होते. आता ते दहा पावलांवर नव्हते, चारच पावलांवर होते.

"गावात त्यांचं घर नाही," सेल्विन स्पॅनिशमधून म्हणाला. आवाज एकदम सपाट. "त्या शहरात राहतात. नातेवाइकांकडे. नक्की पत्ता त्यांना माहीत नाही."

कारकुनाची लेखणी थांबली. कंपनीच्या वकिलानं मान वर केली, झोपलेला माणूस हाकेनं जागा होतो तशी. "साहेब, बाई गावात राहतच नसतील तर ह्या साक्षीला अर्थ काय? मी हे नोंदवून घ्यायची विनंती करतो."

सेफेरिनाला एवढं स्पॅनिश कळत होतं. तिनं सेल्विनकडं पाहिलं. तो खाली बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज न करता. नगं, नगं. तिला ते स्पष्ट दिसत होतं. सकाळपासून त्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. केला तो हाच, आणि तो त्या चौघांपासून तिचं दार लपवायला केला हे तिच्याखेरीज आणि मागच्या सात बायांखेरीज तिथं कुणाला कळणार नव्हतं. ती गप्प राहिली असती तर नऊ वर्षांच्या पोरीला हात धरून चालवलेली सगळी हद्द त्या एका ओळीनं पुसली गेली असती.

ती साहेबाकडं वळली आणि बाजारातल्या स्पॅनिशमध्ये, एकेक शब्द तपासून घेत, बोलली.

"साहेब. तो खोटं नाही बोलला. मीच नीट बोलले नाही. म्हातारी आहे, तोंडात दात नाहीत. आता मी सांगते, तुम्ही लिहा. मी आल्मेंद्रोत राहते. जन्मले तिथंच. धक्क्यावरून तिसरं घर. दार निळं आहे. मी एकटी राहते."

सेल्विननं डोळ्यांवर हात घेतला.

कारकुनानं लिहिलं. साहेबानं कागद हातात घेतला, चष्मा चढवला आणि नियमाप्रमाणं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. नीरफणस, काळा खडक, ओहोळाचं जुनं तोंड, विसाव्याला ठेवलेली जमीन. मग नाव. मग धक्क्यावरून तिसरं घर, निळं दार, एकटी राहते. आवाज खणखणीत होता त्याचा, त्या चौघांच्या पार, होड्यांपर्यंत पोहोचला.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," सेफेरिना म्हणाली आणि शाईच्या डबीकडं अंगठा नेला.